बियाण्याला राखलेली काकडी

त्या दिवशीचं जेवण फर्मास झालं होतं, हे मी आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यात चूक माझी होती, पण स्वयंपाकात खोट नव्हती. गुन्सान शहरातल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं मी रोज सहाशे पोरांचं जेवण रांधलंय. माझ्या हाताला कोणी नावं ठेवलेली मला चालत नाहीत.

जेवण होतं माक्सूनताईसाठी. ती आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला एकटी राहते. वय एकोणऐंशी, पण जिभेची धार अजून कोवळ्या वयातली. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला ती लेकीकडे जॉन्जू शहरात गेली होती आणि दहा दिवसांनी परतत होती.

आमची बाग म्हणजे माझ्या घरामागची जागा. नवरा गेला त्या वर्षी तिथे कमरेएवढं गवत माजलं होतं, आणि मला ते उपटायचीही इच्छा नव्हती. एक दिवस माक्सूनताई खुरपं घेऊन आली आणि मला न विचारता गवत काढायला बसली. चार दिवसांनी मेंगभावोजी आले. ते माझ्या नवऱ्याचे दोस्त, जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी दोरी लावून वाफे इतके सरळ आखले, की मला आधी हसू आलं आणि मग रडू. तेव्हापासून नऊ वर्षं आम्ही तिघं मिळून ही जागा करतोय. नियम एकच. जे पिकेल ते मागच्या अंगणातल्या लाकडी माच्यावर आणून ठेवायचं आणि ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं. वांगी, मिरच्या, तिळाच्या पानांसारखी दिसणारी, भात गुंडाळून खायची रुंद सुवासिक पानं, भोपळे, सगळं सगळ्यांचं.

एक गोष्ट सोडून. माक्सूनताईच्या काकडीचं बी.

ती काकडी बाजारात मिळत नाही. आखूड, जाड, कोवळी असताना फिकट हिरवी आणि पिकली की तपकिरी. सालीवर जाळी धरते. तिच्या आईने माहेरून आणलेली, आईकडून तिच्याकडे आलेली. कोवळ्या काकड्या ती माच्यावर ढिगाने आणून ओतायची, पण बी मागितलं की म्हणायची, "देते की. पुढच्या साली." नऊ वर्षं मी हे ऐकत होते. भावोजींनी दोनदा मागून नाद सोडला. मी सोडला नाही, दरवर्षी मागायचे आणि दरवर्षी चिडायचे.

तर ती जॉन्जूला गेली आणि तिच्या वाफ्याला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. ऑगस्ट संपत आला होता. सकाळी अंगावर काही तरी घ्यावंसं वाटायला लागलं होतं, लाल मिरच्या चटईवर वाळत पडल्या होत्या आणि थंडीसाठी तिखट-मिठात मुरवायच्या किमचीच्या कोबीची रोपं लावायची घाई होती. या चार दिवसांत रोप जमिनीत गेलं नाही, तर थंडी पडेपर्यंत गड्डा भरत नाही. मी सगळीकडे धावत होते. त्यात तिच्या वेलाच्या बुडाशी पानांखाली एक काकडी दिसली, पिवळीधम्मक, नुकती जाळी धरायला लागलेली. मला वाटलं, म्हातारीच्या डोळ्यांना दिसली नसणार, राहून गेली. अशा पिकल्या काकडीची कोशिंबीर म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटची मेजवानी. देठाला लाल दोरी बांधलेली होती, हे मी पाहिलं. पण आमच्या बागेत लाल दोरी कशाला नाही? भावोजी टोमॅटो बांधतात, मिरची बांधतात, मांजर थांबलं तर त्यालाही बांधतील.

मी ती कापली. सोलली, उभी चिरली, आतला बियांचा गर चमच्याने खरवडला, फोडींना मीठ चोळलं आणि फडक्यात घालून अंगातलं सगळं बळ लावून पिळल्या. मग लाल चटणी, व्हिनेगर, लसूण, वरून तीळ. गराचं भांडं उचलून मागे गेले, तर भावोजी कोबीच्या वाफ्यात भिंतीकडच्या टोकाला खत मिसळत होते. त्यात ते रिकामं केलं.

दुपारी माक्सूनताई काळा चष्मा लावून आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूळ नको, ऊन नको, वाकायचं नाही. ती माच्यावर बसली आणि जवाच्या भाताबरोबर कोशिंबिरीचा पहिला घास घेऊन तो तोंडात घोळवत राहिली.

"काय गं ताई? तिखट झाली का?"

"नाही." तिने आणखी वाढून घेतली. "कशी केलीस गं? अगदी आमच्या आईच्या काकडीसारखी लागते."

तिने दोन वाट्या खाल्ल्या. मी दिवसभर गर्वाने फुगून होते. संध्याकाळपर्यंत भावोजींनी त्या वाफ्यात कोबीची अठ्ठेचाळीस रोपं लावली, दोन रोपांमध्ये हातभर जागा, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

तीन दिवस ती माच्यावर बसून चष्म्याआडून आम्हाला हुकूम सोडत होती. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना आणि लेकीला न जुमानता आपल्या वाफ्यात उतरली. मी मिरच्या उलटत होते.

"चुन्हे, इथली काकडी कुठंय गं?"

"कुठली?"

"इथं खाली होती. लाल दोरी बांधलेली."

"ती होय?" मी हसतच म्हणाले. देव मला क्षमा करो, मी हसत होते. "ती तर तूच खाल्लीस की! दोन वाट्या! मी म्हटलं ना, तुझ्या डोळ्यांना..."

ती वाफ्याच्या कडेला मातीतच बसली. चष्मा काढला. मला वाटलं आता शिव्या सुरू होतील, आणि शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बियाण्याची होती ती," ती म्हणाली.

"मग काय झालं? बरणीभर बी आहे तुझ्याकडे. नऊ वर्षं बघतेय मी ती बरणी."

"बरणीला गेल्या पावसाळ्यात बुरशी लागली. काळं पडलं सगळं. चार दाणे निघाले धड. दोन उगवले, त्यातला एक वेल किड्याने कापला. हा एकच राहिला होता, आणि शेवटची ती एकच काकडी ठेवली होती."

"मग सांगायचं नाही का गं? मागे मी किती वेळा..."

"तू म्हणाली असतीस, ‘मला आधीच दिलं असतंस तर ही वेळ आली नसती.’"

मी असंच म्हणाले असते. एकदा नाही, महिनाभर म्हणाले असते.

"जाऊ दे," माक्सूनताई म्हणाली आणि उठायला हात मागितला. "माझ्या आईने खाल्ली, मी खाल्ली. झालं. जाऊ दे."

ही बाई गोगलगायीशी भांडते. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या कुत्र्याने भोपळ्याचा वेल तुडवला म्हणून तिने कुत्र्याच्या मालकाला बोलावून त्याच्याकडून तो सरळ करून घेतला होता. तिच्या तोंडून ‘जाऊ दे’ मी आजवर ऐकलं नव्हतं.

"नाही जाऊ देणार," मी म्हणाले. "गर मी फेकलाय, पण कचऱ्यात नाही. कोबीखाली आहे."

"तीन दिवस झाले. माती गरम आहे, ओली आहे. फुटले असतील मोड."

"काहींना फुटले असतील. सगळ्यांना नाही."

आता उगवून उपयोग नव्हता, हे आम्हा दोघींना कळत होतं. आता आलेला वेल फळ धरून पिकवेपर्यंत कडाक्याची थंडी पडली असती. जे दाणे अजून झोपलेले होते, ते आजच्या आज मातीतून काढायला हवे होते. उद्या तेही जागे झाले असते.

मी फावडं घेतलं. पहिलं रोप उचलते न उचलते तोच मेंगभावोजी फाटकातून आत आले.

"वहिनी! डोकं फिरलंय का? तीनच दिवस झाले लावून! मुळं धरायला लागलीत!"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काळा चष्मा हातात घेऊन माच्यावर बसलेल्या माक्सूनताईकडे, मग आपल्या सरळ रेषेकडे.

"अख्खा वाफा उकरणार?"

"भिंतीकडची चौदा रोपं. गर तिथेच ओतला होता मी."

"आणि कोबी मेला तर? थंडीभर किमची कशाची घालणार, वहिनी? दोरीची?"

"माझ्या वाटणीच्या रोपांपैकी घ्या तुम्ही. मी मुळ्यावर काढीन हिवाळा."

"बोलण्यात मला कोणी हरवत नाही असं वाटत होतं," असं काहीसं पुटपुटत ते निघून गेले. मला वाटलं रागावले. पाच मिनिटांत ते परत आले, तेव्हा एका खांद्यावर वाळू चाळायची मोठी चाळण होती आणि दुसऱ्या हातात अंड्यांचे रिकामे ट्रे.

"रोपं मुळाच्या मातीसकट उचलायची आणि यात ठेवायची," ते म्हणाले. "फावडं नाही, हाताने. आणि वहिनी, क्रमाने ठेवा. ज्या जागचं रोप त्याच जागी परत जाईल."

आम्ही गुडघ्यांवर बसलो. मी माती उकरून चाळणीत टाकायची, भावोजींनी पाइपाने हलकं पाणी सोडायचं, आणि जाळीवर राहील तो चोथा पांढऱ्या परातीत उलटा करायचा. पहिल्या तीन परातींत अंड्याची टरफलं, कांद्याची साल आणि एक गांडूळ. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना भुसा आणि बी एकच दिसत होतं.

"सर बाजूला," माक्सूनताई म्हणाली. ती माच्यावरून उतरून आली होती.

"ताई, धूळ! डॉक्टर..."

"चिखल आहे हा, धूळ नाही. नवे डोळे काय भिंतीवरचं घड्याळ बघायला घातलेत?"

तिने परात मांडीवर घेतली आणि वाकायचं नाही हे विसरून वाकली. बोटाच्या टोकाने एक दाणा बाजूला केला. मग दुसरा. चिकट, पारदर्शक, अजून गराच्या आवरणात गुंडाळलेले. काहींना पांढरं नाक फुटलं होतं, ते ती वेगळे ठेवत होती. तोंडाने शिव्या चालू झाल्या, आधी मला, मग भावोजींच्या लाल दोरीला, मग बुरशीला, आणि मला इतकं बरं वाटलं, की मी चिखलाच्या हातानेच डोळे पुसले.

उन्हं डोक्यावर येऊन कलली. जेवायला कोणी उठलं नाही. चौदा रोपांखालची जमीन मी दोन वीत खोल उकरली, दोनदा. बिनमोडाचे त्रेसष्ट दाणे निघाले. मी तर टाळ्याच वाजवल्या.

"थांब," माक्सूनताई म्हणाली. "पाणी आण."

तिने भांड्यात पाणी घेऊन दाणे चोळून सोडले. भरलेला दाणा बुडतो, पोकळ वर येतो. हे मला माहीत होतं, आणि हेही माहीत होतं, की बियाण्याची काकडी वेलावर पार तपकिरी होऊन देठ वाळेपर्यंत ठेवावी लागते. मी ती कापली तेव्हा तिला अजून निदान दहा दिवस हवे होते.

दाणे एकेक करून वर आले. वीस. चाळीस. मी मोजणं सोडलं. पाण्यावर पांढरा थर धरला. भावोजींनी तोंड फिरवून पाइप गुंडाळायला घेतला. मी स्वतःच्या हातांकडे बघत होते. याच हातांनी मी फोडी पिळल्या होत्या आणि वर त्याची फुशारकी मारली होती.

माक्सूनताईने तळहाताने वरचा थर बाजूला सारला आणि नव्या डोळ्यांनी तळाशी पाहिलं.

"सात," ती म्हणाली.

मग भावोजींनी अंड्यांचा पहिला ट्रे उचलला. "रोपं कोमेजतायत. दिवस मावळायच्या आत गेली पाहिजेत आत."

आम्ही चौदाच्या चौदा रोपं परत लावली. त्यांनी दोरी पुन्हा ताणली. दोन रोपं त्या आठवड्यात मेली, ती माझ्या वाटणीतली धरली. बाकीच्यांनी जीव धरला.

तीन दिवस ते सात दाणे माझ्या ओसरीत सावलीत कागदावर वाळत होते. माक्सूनताई दिवसातून चार वेळा येऊन बघून जायची. मी एकदाही ‘मला आधीच दिलं असतंस तर’ म्हणाले नाही. ओठांवर मात्र रोज आलं.

चौथ्या दिवशी ती आली. तिने लेकीकडून आणलेल्या औषधांच्या पुड्यांचे कागद सोबत घेतले होते. माच्यावर बसून तिने दाणे वाटायला सुरुवात केली. दोन एका कागदात, "हे मेंगचे." दोन दुसऱ्यात, "हे माझे." उरलेले तीन तिसऱ्या कागदात घालून तिने माझ्यापुढे सरकवले.

नऊ वर्षं मी हे मागत होते. आता हात पुढे होईना.

"ताई, तुझ्याकडेच ठेव गं. मी काय केलं ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. म्हणूनच." तिने कागदाची घडी घट्ट दाबली. "चाळीस वर्षं एकाच बरणीत ठेवत आले. कोणाला दिलं तर ते हरवतील, खातील, वाया घालवतील असं वाटायचं. वाया गेलं ते माझ्याच बरणीत."

"पण मला तीन का? तुझी काकडी, तू दोन घेतेस आणि मला तीन?"

"तुला खायची घाई असते," माक्सूनताई म्हणाली. "एखादी कापशीलच. तरी दोन उरतील."