धुरातले बियाणे

परिमळम स्टुलावर चढली आणि चुलीवरच्या आडव्या बांबूला टांगलेली कांद्याची जुडी सोडवू लागली. काथ्या धुराने काळा पडला होता, गाठ सुटेना. खाली शेतीखात्याची वाकीशा फडके पसरून उभी होती. दारातून सिवपादम सूचना देत होता. स्वतः स्टुलावर चढणे सोडले तर या कामातले सगळे त्याला उत्तम येत असे.

"ती नको, पलीकडची. अगं, उजवीकडे! पस्तीस वर्षं झाली लग्नाला, हिला अजून डावं-उजवं कळत नाही."

"कळतं. म्हणूनच तुम्ही सांगता त्याच्या उलट करते."

वाकीशा हसली. सकाळपासून ती या गल्लीत घरोघर फिरत होती. भारताने कांदा पाठवणे थांबवले होते. कोलंबोच्या खानावळींनी ताटातला कांदा काढून टाकला, तेव्हा कुठे तिच्या खात्याला आठवले की जाफन्याचा स्वतःचा एक कांदा होता, लहान, लाल आणि तिखट, बियाऐवजी कांदाच पुरून वाढणारा. त्याचे जुने बियाणे कुणाकडे आहे असे विचारले की प्रत्येक घर याच घराकडे बोट दाखवत होते.

"माझ्या आजोबांचं बियाणं आहे, बाळ," सिवपादम म्हणाला. "बाहेरचा कांदा बंद होता ना, त्या वर्षांत माझा बाप इथून लॉऱ्या भरून कोलंबोला पाठवायचा. हे घर कांद्यावर उभं राहिलंय. मग बंदर उघडलं. भारताचा आला, पाकिस्तानचा आला, स्वस्तातला. लोकांनी हात झटकले. कुणी तंबाखू लावला, कुणी पोरगं कॅनडाला लावलं. मी मात्र सोडला नाही."

यातले शेवटचे वाक्य खरे होते. विहिरीकाठचे दोन वाफे तो दरवर्षी लावी. ज्याचे बियाणे सडे तो शेजारी इथून एक जुडी नेई आणि पीक आल्यावर दीड परत करी, असा गल्लीचा रिवाज होता. शेजारच्या रासम्माने मुलाच्या लग्नाच्या वर्षी नेलेल्या जुडीची अर्धी अजून बाकी होती, आणि सिवपादम ते दर सणाला आठवणीने बोलून दाखवी. खायला मात्र या घरात दुकानातला भारताचा कांदाच येई. बापाचा कांदा रोजच्या सांबलाच्या चटणीत घालायचा म्हणजे पापच. या वर्षी दुकान रिकामे झाले, तसा महिनाभर या घरात बिनकांद्याचा सांबल होत होता.

"डोक्यावर कांद्याचं दुकान आणि पानात उपास," असे रासम्मा कुंपणावरून म्हणून गेली होती. तिलाही अर्ध्या जुडीचा राग होताच.

"पण लढाईत टिकवलंत कसं?" वाकीशाने विचारले.

"हिला विचार. मी पुढे जागा शोधायला गेलो होतो. धो धो पाऊस, सगळा गाव रस्त्यावर. हिच्या कडेवर मुलगा नि डोक्यावर जुड्या. दागिने मागे राहिले, जुड्या आल्या!"

ही गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती की कुठे थांबले म्हणजे ऐकणारा 'अरे वा' म्हणतो हे त्याला पाठ झाले होते. वाकीशा नेमकी तिथेच 'अरे वा' म्हणाली.

"अम्मा, यातूनच आता गावोगावी बियाणं करायचंय. अगदी आपलं. पुन्हा कुणापुढे हात पसरायला नको."

परिमळमची बोटे गाठीवर थांबली. नवऱ्याची बढाई घरातली होती, जुड्यांची देवघेव गल्लीतली होती. आता गावोगावी. खाली न बघता ती बांबूकडे तोंड करूनच म्हणाली,

"बाळ, हा तो कांदा नाही."

"म्हणजे?"

"गाव सोडल्यावर चावकच्चेरीच्या शाळेत आसऱ्याला होतो आम्ही. मुलगा तापाने फणफणलेला, खायला नुसती पाण्यासारखी कांजी. मी जुड्या सोडल्या. रोज थोडा थोडा घातला. व्हरांड्यातल्या बाकीच्या पोरांनाही दिला. परत आलो तेव्हा जहाजाने आलेल्या पोत्यांतला घेतला, भारताचाच. हे यायच्या आधी घरात शिरून इथे टांगला. चार दिवस ओली लाकडं जाळली, काळा दिसावा म्हणून. गल्लीत गेला तोही हाच."

परिमळम नवऱ्याचा ओरडा ऐकायला कधीपासून तयार होती.

"ठाऊक आहे," सिवपादम म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"मी शाळेत पोचलो त्या दिवशी तू कांजी वाढलीस. माझ्या बापाच्या कांद्याचा वास मला कळणार नाही? दोन वाट्या प्यालो. दुसरी मागून घेतली."

"मग कांदा कुठला, विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

वाकीशाने फडक्याची घडी घातली. "म्हणजे खरा कांदा कुणाकडेच उरला नाही?"

"नल्लतंबीकडे होता. पलीकडच्या गल्लीतला. सगळे परतल्यावर स्वतः जुडी घेऊन फाटकाशी आला होता. म्हणाला, तुझं वाटेत गेलं असेल तर हे घे. मी म्हटलं, आमचं शाबूत आहे." सिवपादमने रस्त्याच्या दिशेने हनुवटी हलवली. "पुढे तोही पोरापाठोपाठ कॅनडाला गेला. त्याच्या शेतात आता लग्नाचा हॉल आहे."

परिमळमने प्रथमच खाली पाहिले.

"दारात आणून देत होता? आणि तुम्ही परत पाठवलंत? एवढा कसला हो ताठा?"

"ताठा नव्हता," सिवपादम म्हणाला. "घेतला असता तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. तू धुराने डोळे सुजवून बसली होतीस."

वाकीशा फडके खांद्यावर टाकून बाहेर विहिरीकडे गेली.

गाठ केव्हाच सुटली होती. परिमळम जुडी हातात धरून वरच उभी होती. ती पुन्हा टांगावी की खाली द्यावी, तिला ठरवता येईना. सिवपादम आत आला, वाकला आणि त्याने दोन्ही हातांनी स्टूल धरले.

"उतर आता," तो म्हणाला. "स्टूल डुगडुगतंय."