न फाटणारं ठिगळ

डॉक्टरीणबाईंनी जाळीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि तिथेच सगळा घोळ झाला. पोटाच्या भिंतीला पडलेल्या भोकावर ही प्लास्टिकची जाळी टाके घालून बसवायची, मग हळूहळू मांस तिच्यात रुजतं, असं त्या समजावत होत्या. आणि ही बाई, जन्मभर लोकांचे कपडे उसवून-शिवून पोट भरलेली, तुकडा चिमटीत धरून ताणून बघत बसली.

"म्हणजे ठिगळच की हो!"

"ठिगळच, मावशी. आणि काही केल्या फाटायचं नाही हे. पण तीन महिने जड उचलायचं नाही हं."

फाटायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं धरलं. पुढचं या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. दुसरं करणार तरी काय? घरी राजे होते ना! राजे म्हणजे तिचा मुलगा. वय सव्वीस, डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण हातापायांत जन्मापासून जीव नाही. नवरा कधीच देवाघरी गेलेला. राजेंना उचलायची ती एकटीच. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत पलंगावर. गुडघ्यांखाली एक हात, पाठीखाली दुसरा आणि सगळा भार पोटावर. "चला राजे, स्वारी निघाली," ती म्हणायची. "घोडा म्हातारा झालाय," तो म्हणायचा. शेवटी त्या घोड्याच्या पोटानेच दगा दिला. बेंबीशेजारी आतडं लिंबाएवढं वर आलं.

ऑपरेशनसाठी तिचा धाकटा भाऊ रजा काढून आला. महिनाभर त्याने भाच्याला उचललं. रजा संपली, बिचारा गेला. त्याच सकाळी तिने पोटाला पट्टा करकचून आवळला आणि राजेंना उचललं. दुखलं नाही, खुपलं नाही. "बघ, आईच्या पोटात आता प्लास्टिक आहे, प्लास्टिक!" अशी फुशारकीही मारून झाली.

काही आठवड्यांनी फुगा परत आला, जुन्याच्या जरा बाजूला.

"जाळी शाबूत आहे, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मांस नीट धरायच्या आधीच ती कडेला सुटली. उचलत होतात ना त्याला?"

ठिगळ फाटत नसतं, त्याच्या कडेचं कापड जातं, हे गिऱ्हाइकांना ऊठसूट सुनावणारी ती! स्वतःच्या पोटाच्या वेळी नेमकी विसरली.

"आता मोठी जाळी घालावी लागेल. पण आधी मुलाची अपंगांच्या संस्थेत सोय करा, मगच तारीख देईन. त्याला यापुढे उचलायचंच नाही, कधीच. आतडं अडकलं तर तुम्ही जाल, मावशी. मग त्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

घरी येऊन तिने सगळं सांगून टाकलं. राजेंपासून काही लपतच नसे. "आणि संस्थेचं नाव काढायचं नाही," तिने दम भरला. "मी मेल्यावर जा कुठे जायचं ते." तो तिच्या पट्ट्याकडे बघत राहिला. तिने पट्टा आणखी एक घर आवळला आणि उचलणं चालूच ठेवलं.

तेव्हापासून राजेंची भूक मेली. दोन घास खाल्ले की मान फिरवायचा. तोंडाला चव नाही, पोट जड आहे, एक ना दोन. तिने लाडीगोडी लावली, रागावून पाहिलं, एकदा तर ताट आपटलं. कावीळ तर नाही ना म्हणून रोज त्याचे डोळे निरखायची. गालफडं बसली, बरगड्या वर आल्या, पण गडी बधला नाही.

एका सकाळी पट्टा आवळून तिने त्याला उचललं. तो अलगद वर आला.

"हलका लागतोय ना गं?" त्याने विचारलं. चेहरा नुसता फुललेला. "अजून थोडे दिवस. मग पट्टाही नको तुला."

दोन घासांवर मान फिरवणं कशासाठी होतं, ते तिला आत्ता उमगलं. पण त्याच्या आधी, क्षणभर, तिला बरं वाटलं होतं. पोटावर भार आला नाही म्हणून बरं वाटलं होतं! त्या बरं वाटण्याची तिला अशी शिसारी आली की त्याला कसंबसं खुर्चीत ठेवून ती न्हाणीघरात शिरली आणि तोंडात टॉवेल कोंबून रडली.

बाहेर येऊन त्याच्यासमोरच तिने संस्थेला फोन लावला.

"आई, नको. मी खातो. आत्ता खातो, भरव मला. आई!"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर फोन ठेवून दिला असता.

पलीकडची बाई सवयीच्या आवाजात विचारत होती. बोलता येतं का? स्वतः जेवतो का? उचलायला किती माणसं लागतील?

"एक पुरे," ती म्हणाली. "कुणीही उचलेल त्याला आता."