शून्य हरवलेली पट्टी

मी पंधरा सेंटिमीटरची एक जुनी पट्टी आहे. निदान माझ्या अंगावर तसे छापलेले आहे. प्रत्यक्षात माझ्यापाशी साडेचौदाच सेंटिमीटर उरले आहेत. तुटलेला तुकडा, त्याच्यावरच्या शून्यासकट, एका ट्रॉलीच्या चाकाखाली गेला. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. त्या तुटक्या टोकामुळेच मला माझ्या आयुष्यातले सर्वांत धावपळीचे दोन दिवस पाहायला मिळाले.

आम्ही शेकडो बहिणी प्लॅस्टिकच्या एकाच पारदर्शक पत्र्यातून कापल्या गेलो. काळ्या शाईच्या रेघा उमटल्या, आकडे बसले. शेवटी तपासणाऱ्या बाईने आम्हाला एकेक करून उजेडासमोर धरले आणि खोक्यात टाकताना ती म्हणाली, "जा, आणि कुणाला खोटं सांगू नका." मला वाटले होते की मी एखाद्या दप्तरात जाईन, समास आखीन, मधल्या सुट्टीत तलवार होईन. पण खोके उघडले ते एका रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत.

ती खोली आधी तुम्हाला दाखवते. पांढऱ्या फरशा, स्पिरिटचा वास, एक कुरकुरणारी चाकांची ट्रॉली आणि खिडकीपाशी पाय वर ठेवून बसायची उंच खुर्ची. या खोलीच्या मालकीण म्हणजे मोठ्या सिस्टर. सव्वीस वर्षे त्या लोकांच्या जखमा धूत, पुसत, बांधत आल्या होत्या. त्यांनी मला कामाला लावले. रोज नव्या पातळ पिशवीत घालून मला जखमेच्या शेजारी धरायचे, अगदी जवळ, पण टेकवायचे नाही. मग फोटो काढायचा, आकडा वहीत लिहायचा आणि मला स्पिरिटने पुसून ठेवायचे. दिवसातून वीस वेळा अंघोळ करणारी दुसरी पट्टी तुम्ही पाहिली आहे का?

सिस्टरांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. जखमेची मलमपट्टी कशी बदलायची हे ज्या रुग्णाच्या घरच्या माणसाला त्या स्वतः हात धरून शिकवत, त्याची जखम लवकर भरे. एकदा चहा पिता पिता त्या हे डॉक्टरांना म्हणाल्या. डॉक्टर म्हणजे उत्साहाने नुसती उकळणारी एक तरुण बाई.

"सिस्टर, हे लिहा. जखमांच्या उपचारांवर एक संशोधन-मासिक निघतं, त्यांना पाठवू."

"मी फक्त ड्यूटीचं रजिस्टर लिहिते हो."

"तेच जरा लांबवायचं."

अशी सुरुवात झाली. मित्रांनो, 'मला असे वाटते' एवढे म्हणून संशोधन होत नाही. आधी रुग्णालयाच्या समितीची परवानगी आली. मग पायाला जखम असलेले चाळीस रुग्ण निवडले. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. वीस जणांच्या घरच्यांना सिस्टर शिकवणार होत्या, बाकी वीस नेहमीसारखे येणार-जाणार होते. बारा आठवडे, दर आठवड्याला एक फोटो, आणि प्रत्येक फोटोत मी. सांगा बरे, मी किती फुशारले असेन.

दुसऱ्याच आठवड्यात मी ट्रॉलीवरून घसरले आणि माझे टोक मोडले. त्या वेळी खुर्चीत शिंपीकाका बसले होते. त्यांच्या टाचेला जखम होती आणि जिभेला विसावा नव्हता.

"नवी पट्टी आणा आता," डॉक्टर म्हणाल्या.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "अभ्यास जिच्यावर सुरू झाला तिच्यावरच संपणार. पट्ट्या बदलल्या की मापं बदलतात."

"मग एकापासून लावा," शिंपीकाका म्हणाले. "आमच्या टेपचं टोक झिजलं की आम्ही तेच करतो. एकाच्या रेघेला कड लावायची, आकडा वाचायचा आणि एक वजा करायचा. फक्त नवा कारागीर आला की त्याला पहिल्या दिवशी सांगायचं. नाहीतर गिऱ्हाईक विचारतं, हा सदरा कुणाच्या भावाचा?"

सिस्टर हसल्या आणि तसे करू लागल्या. त्यांच्या हाताला ते इतके बसले की वजाबाकी करतो आहोत हेच त्या विसरून गेल्या.

पाचव्या आठवड्यात त्या लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजेवर गेल्या. जाताना त्यांनी बदलीवर येणाऱ्या सिस्टरसाठी ट्रॉलीवर एक चिठ्ठी चिकटवली: 'जखमेची कड एकच्या रेघेला लावावी.' एवढेच. मी तिथेच पडले होते. पुढचे वाक्य कधी येते याची वाट पाहत होते. ते आलेच नाही. बदली सिस्टर फार गुणी होती. चिठ्ठीत होते तेवढे तिने महिनाभर इमानाने केले.

बारा आठवडे संपले. डॉक्टरांनी वहीतले आकडे संगणकात भरले आणि एका दुपारी त्या धावतच ड्रेसिंगच्या खोलीत आल्या.

"सिस्टर, हे बघा. पाचव्या आठवड्यात जखमा एकदम वाढतात आणि आठव्यानंतर झपाट्याने कमी होतात. दोन्ही गटांत. हे अजून कुणीच लिहिलेलं नाही."

"वाढतात?" सिस्टर म्हणाल्या. "मी तर नव्हते तेव्हा."

"म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

डॉक्टरांनी त्या वाढीवर दीड पान लिहिले. ते वाचताना त्यांचे डोळे चमकत. ती वाढ वजा न केलेल्या एका सेंटिमीटरची होती, हे मला ठाऊक होते. पण पट्टीला तोंड नसते. तेव्हाइतकी मी कधीच तळमळले नाही.

मासिकाचा एक खास अंक निघणार होता, फक्त परिचारिकांच्या संशोधनाचा. शोधनिबंध पाठवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. तसा अंक पुन्हा दोन वर्षांनी येणार होता आणि सिस्टर तर चार महिन्यांत निवृत्त होणार होत्या. निबंधावर पहिले नाव त्यांचे होते. सव्वीस वर्षांत त्यांचे नाव ड्यूटीच्या तक्त्याबाहेर कुठेच छापले गेले नव्हते. त्या दाखवत नसत, पण घरी नातवाला मांडीवर घेऊन त्या निबंधाचा सारांश वाचून दाखवत, असे त्यांनीच एकदा सांगितले.

गुरुवारी सगळे तयार होते. मासिकाच्या नियमांची सोळा पाने होती. रुग्णाचे नाव नको, चेहरा नको, संदर्भांत स्वल्पविराम कुठे द्यायचा तेही ठरलेले. एकच गोष्ट राहिली होती. फोटो छापायचा तर रुग्णाची लेखी संमती हवी. फोटो शिंपीकाकांच्या टाचेचे होते. काका दुपारी बारा वाजता नवे बूट घालून ऐटीत आले. सोबत काकू होत्या. त्यांनीच शिकून घेऊन तीन महिने ती टाच सांभाळली होती.

काकांनी पेन घेतले, चष्मा लावला आणि सही करण्याआधी फोटो पाहिले. सहाव्या आठवड्याच्या फोटोवर ते थांबले.

"बाई, खाली चार सेंटिमीटर लिहिलंय."

"हो ना. चारावरच येतेय कड," डॉक्टर म्हणाल्या.

"येतेय. पण सुरू एकापासून होतेय. एक वजा कोण करणार? माझा मेव्हणा?"

सिस्टरांनी फोटो हातात घेतला. मग त्या ट्रॉलीकडे गेल्या. त्यांची जुनी चिठ्ठी अजून तिथेच होती. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि हळूच काढून घेतली.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी तिला अर्धंच सांगितलं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. दीड पान डोळ्यांसमोर विरत होते. "सिस्टर, उद्या पाच वाजता मुदत संपते. काकांचे फोटो काढून टाकू, दुसऱ्या कुणाचे घालू. काय?"

"फोटो बदलला तरी वहीतला आकडा तोच राहतो ना?"

काकांनी पेनाचे टोपण लावले. "मी चुकीच्या मापावर सही करत नाही. तुम्ही नीट करा, मी उद्या येतो."

काकू म्हणाल्या, "एवढं बोलायची काय गरज? चला आता." पण जाता जाता त्यांनी सिस्टरांचा हात दाबला.

मित्रांनो, आता ऐका. महिन्याभराच्या सगळ्या आकड्यांतून सरसकट एक वजा केला असता तर दहा मिनिटांत काम झाले असते. डॉक्टर तेच सुचवत होत्या. पण सिस्टर म्हणाल्या, "कशावरून बाकीच्या आठवड्यांत मी विसरले नसेन? सगळे बघायचे." गैरहजेऱ्या वगळून फोटो होते चारशे बावन्न.

जुनी वही कपाटात बंद झाली, म्हणजे जुने आकडे पाहून मन भुलायला नको. डॉक्टर पडद्यावर एकेक फोटो मोठा करून माझ्या रेघा वाचत आणि सिस्टर नव्या वहीत लिहीत.

"एकपासून तीन पूर्णांक दोन."

"दोन पूर्णांक दोन."

"एकपासून पाच."

"चार."

भरलेल्या जखमांचे थोडे फोटो सोडले तर दर वेळी मी पडद्यावर आले. सुरुवातीच्या फोटोंत अख्खी, पुढे तुटकी, पण सरळ. वहीतला आकडा चुकला होता, पण फोटोतली मी चुकले नव्हते. जा आणि कुणाला खोटं सांगू नका, असे ती बाई म्हणाली होती. ते आठवून मला इतका आनंद झाला की मी प्लॅस्टिकची नसते तर तिथेच नाचले असते.

गुरुवारी सहा वाजेपर्यंत निम्मे झाले. शुक्रवारी सकाळी सातला दोघी पुन्हा बसल्या. साडेअकराला शेवटचा फोटो झाला आणि कपाटातून जुनी वही बाहेर आली. रजेच्या महिन्यातले एकशे एक्कावन्न आकडे चुकलेले निघाले. आणखी तीन निघाले ते रजेबाहेरचे.

"हे तीन माझे," सिस्टर म्हणाल्या. "बरं झालं बघितलं."

जखमांची ती वाढ नाहीशी झाली. डॉक्टरांनी दीड पान निवडले आणि पुसून टाकले.

"सुंदर लिहिलं होतंत हो," सिस्टर म्हणाल्या.

"तेच तर दुःख आहे."

आता उरले काय? सिस्टरांचा पहिला साधा प्रश्न उरला. शिकवलेल्या वीस घरांत चौदा जखमा पूर्ण भरल्या होत्या, बाकीच्या विसांत नऊ. हे आकडे मात्र जसेच्या तसे राहिले, कारण भरलेल्या जखमेला पट्टी लावावीच लागत नाही. सिस्टरांनी निबंधात स्वतःच्या हाताने चार ओळी घातल्या: मोजपट्टीचे टोक तुटलेले होते, सूचना अपुरी दिली गेली, आकडे असे चुकले आणि असे दुरुस्त केले. डॉक्टर म्हणाल्या, "दुरुस्त तर केलंच आहे. हे लिहायलाच हवं का?"

"उद्या कुणी हेच काम दुसरीकडे करील. त्याला अर्धी चिठ्ठी नको."

दुपारी काका आले. चाराचे तीन झालेले पाहिले आणि सही ठोकली. मग बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसले, कारण दुसऱ्यांच्या जखमांचे फोटो पाहायची त्यांना परवानगी नव्हती आणि घरी जायचा त्यांचा विचार नव्हता.

चार वाजून चाळीस मिनिटांनी सगळे कागद संगणकावर चढले आणि पडद्यावर लाल अक्षरे आली. सारांश अडीचशे शब्दांचा हवा, तुमचा दोनशे त्रेसष्ट आहे. दोघी तुटून पडल्या. 'अत्यंत' गेले, 'महत्त्वपूर्ण' गेले, 'उल्लेखनीय' गेले.

"सगळी माझीच विशेषणं जातायत," डॉक्टर पुटपुटल्या.

"माझ्याकडे होतीच कुठे?"

दोनशे बावन्न. एकावन्न. अडीचशे. घड्याळात चार वाजून बावन्न.

"दाबा, सिस्टर."

"परत घेता येतं का?"

"नाही."

"मग नावं एकदा बघते." त्यांनी नावे पाहिली. मग सव्वीस वर्षे गाठी मारणाऱ्या त्या बोटाने बटण दाबले. निबंध पोचल्याची पावती पडद्यावर आली. दाराच्या फटीतून आवाज आला, "झालं का? आम्हाला भूक लागलीय."

दोन महिन्यांनी मासिकाकडून उत्तर आले. एका परीक्षकाने सतरा शंका काढल्या होत्या, त्यांची उत्तरे लिहिण्यात तीन आठवडे गेले. दुसऱ्याने थोडेच लिहिले होते: तुटक्या पट्टीच्या ओळी काढू नयेत, त्या वाचून मी बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवला. सिस्टर निवृत्त होण्याच्या आठवड्यात अंक छापून आला. काका आपल्या टाचेचा फोटो दुकानात लावणार होते. काकूंनी लावू दिला नाही.

आता ड्रेसिंगच्या खोलीत कागदी पट्ट्या आल्या आहेत. एका रुग्णाला एक, वापरा आणि टाका. मी खणात असते. पण कुणी नवीन सिस्टर आली की मला तिच्या हातात देतात. माझ्या पाठीवर मोठ्या सिस्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'कड एकच्या रेघेला लावावी. आलेल्या आकड्यातून एक वजा करावा.' तर मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुमच्या वस्तूचे टोक मोडले तर ती लगेच फेकू नका. पण ती कुठे मोडली आहे हे पुढच्या माणसाला पूर्ण सांगा.

कधी कधी खणाच्या अंधारात मला बाराव्या आठवड्यातली ती सकाळ आठवते. काकांनी पाय वर ठेवला. सिस्टरांनी सवयीने मला नव्या पिशवीत घातले, टाचेजवळ आणले आणि त्या तशाच थांबल्या. तिथे गुलाबी, नवी कातडी होती. कुठली कड एकाला लावायची?

"काय झालं?" काकूंनी घाबरून विचारले.

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी मला खाली ठेवले. वहीत त्यांनी शून्य लिहिले. माझ्यापाशी नसलेला तो एकच आकडा, आणि त्यातून काहीच वजा करायचे नव्हते.