खारीण दर तिसऱ्या वर्षी का येते

सोनखारच्या देवळापुढं त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कळवा आणि दिवा यांच्या मधला, खाडीला टेकलेला हा कोळीवाडा. १९८८ सालचा पौष होता. होड्या बांधून, जाळी बाजूला ठेवून अख्खं गाव उन्हात उभं होतं आणि मधोमध दामाजी भगत घुमत होता.

खारीण निघाली आहे, असं त्यानं सांगितलं. शिमग्याच्या आत ती गावात शिरणार.

खारीण म्हणजे लेकरासकट खाडीत बुडालेली बाई. म्हातारी माणसं सांगत, की दर तिसऱ्या वर्षी ती ओल्या लुगड्यानं दारोदार फिरते. ज्या पोराच्या अंगावरून हात फिरवील त्याला ताप भरतो, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ उठतं. ७९ साली ती आली, ८२ साली आली, ८५ साली आली. एकदाही चुकली नाही.

तिच्याशी दामाजीचं जे बोलणं चाले ते निम्मं मंत्रांचं आणि निम्मं कल्याण स्टेशनवरच्या घोषणांचं. 'फलाट बदल बाय, गाडी बदल, दुसरे गावाला जा,' असं तो डोळे फिरवून म्हणे, आणि कुणाला हसू येत नसे. कारण नंतर तो पोरांच्या दंडाला काळा दोरा बांधी, आणि दोरा बांधलेल्या पोराला खारीण कधीच शिवत नसे. काही पोरांच्या डोक्यावर मात्र तो हात ठेवी आणि मान हलवी. त्यांना दोरा नाही. त्यांच्यावर तिचा हक्क.

शेवंतीनं आपली दोन वर्षांची मालू पुढं केली. दामाजीनं मान हलवली. शेवंती रडली नाही. पोरीला उचलून ती गर्दीतून बाहेर पडली आणि लोकांनी तिला वाट करून दिली, प्रेताला देतात तशी. मागच्या फेऱ्यात तिचा जगन असाच गेला होता.

हे सगळं कडेला उभी राहून रंभा पाहत होती. ती सरकारी नर्स. पाच वर्षं सोनखारला येत होती. तिच्या घरात देवदेवस्की कधीच नव्हती. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली अभ्यास करून ती शिकली होती. हा गोवर आहे हे तिला ठाऊक होतं; सुई टोचली की खारीण चवताळते असं दामाजी सांगे, म्हणून गावात कुणी तिची लस घेत नसे. पण ८५ साली तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: दोरेवाल्यांपैकी एकही आजारी पडला नाही, आणि गेली ती अकराही मुलं बिनदोऱ्याची होती. ते कसं, हे तिला तीन वर्षांत सांगता आलं नव्हतं. त्या संध्याकाळी बांधावरून परतताना मागून ओल्या लुगड्याचा सपसप आवाज येतोय असं तिला वाटलं. ती थांबली. वळून पाहायला तिला बराच वेळ लागला. मागं कुणी नव्हतं. वाळत घातलेल्या जाळ्यांतून वारा जात होता.

कळव्याला तिच्याच चाळीत सुमती राहायची. ठाण्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायची, आणि साथी कशा पसरतात याच्या समीकरणांवर तिचा प्रबंध चालला होता. रंभानं तिला सगळं सांगितलं, ओल्या लुगड्यासकट. सुमती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, की दोरा कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, त्यांची वयं काय आणि गोवर कुणाला होऊन गेलाय.

रंभा आठवडाभर जन्मनोंदी घेऊन घरोघर फिरली. यादी झाली. सुमतीनं ती कॉलेजात नव्यानंच आलेल्या संगणकात घातली. तिचं गणित साधं होतं. गावातल्या मुलांचे तीन गट: गोवर न झालेली, आत्ता झालेली, होऊन गेलेली. रोज कुठल्या गटातून किती कुठं जातील एवढंच मोजायचं, आणि वर्षाला ऐंशी नवी बाळं पहिल्या गटात टाकायची.

कागदावर फुल्याफुल्यांची टेकाडं छापून आली. एक ७९ ला, एक ८२ ला, एक ८५ ला. चौथं ८८ च्या सुरुवातीला.

"गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही," सुमती म्हणाली. "म्हणून साथ सरली की गावात तिच्या तावडीत सापडायला कुणी उरत नाही. मग बाळं जन्मतात, अडीच-तीन वर्षांत पुरेशी साचतात, आणि बाजारातून एक आजारी पोर आलं की भडका उडतो. खारीण कुठून येत नाही, रंभाताई. ती गावातच साठते."

"आणि दोरा?"

"ज्यांना गोवर होऊन गेलाय, दोरा त्यांनाच. तुमचा भगत आईला आधी काय विचारतो?"

रंभाला आठवलं. बाय, मागले फेऱ्याला हिचा अंग फुलला होता ना? पुरळ उठून गेलं का, हेच तो दर वेळी विचारी, सगळ्यांच्या देखत, आणि ते कुणाच्याच ध्यानात येत नसे.

पण सुमतीनं यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं होतं. पंढरी. वय पावणेदोन, गोवर झालेला नाही, तरी दोरा आहे. साऱ्या यादीत एवढंच एक नाव नियमात बसत नव्हतं. तो दामाजीचा नातू होता.

दुसऱ्या दिवशी दामाजी खाडीवर गेलेला पाहून रंभा त्याच्या घरी गेली. त्याची सून मनुबाई ही शेवंतीची धाकटी बहीण. तिनं आधी दाराबाहेर पाहिलं. मग तांदळाच्या डब्यातून एक कार्ड काढलं. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या दवाखान्यातलं. गोवराची लस, पंढरी, वय दहा महिने.

"सासऱ्यानी सोता नेला," ती खाली बघत म्हणाली. "कुनाला बोलू नको बोलले."

पुढच्या मंगळवारी देवळापुढं पुन्हा गर्दी जमली. रंभानं दामाजीला सगळ्यांसमोर विचारलं, की दोरा कुणाला द्यायचा हे खारीण सांगते की पोराची आई? आणि सुमतीनं समजावलं तसं तिनं गावाला समजावलं, समीकरणांशिवाय. लोक ऐकत होते, पण पटल्याचं दिसत नव्हतं. दामाजी म्हणाला, की सुई टोचली की खारीण चवताळते, हे त्यानं आधीच सांगितलंय.

तेव्हा मनुबाई पुढं आली. मूल कडेवर, कार्ड हातात. तिनं ते सासऱ्याला दिलं नाही, बहिणीला दिलं.

शेवंतीला वाचता येत नव्हतं. रंभानं वाचून दाखवलं. शेवंती दामाजीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तू बोलला, ती नेनार. म्हनून मी जगनला पानी नाय दिला. काळोखान ठेवला. तिचा हाय, तिला राग येल म्हनून." ती रंभाकडं वळली. "दिला असता तं जगला असता?"

रंभाला खोटं बोलवेना. "कदाचित जगला असता," ती म्हणाली.

 एकदा अंग फुललं की पुन्हा फुलत नाही हे आपल्या आज्याला आणि बापालाही ठाऊक होतं, एवढंच दामाजी पुटपुटला. त्यांच्या वेळी सुई नव्हती, त्याच्या वेळी होती, हे मात्र तो म्हणाला नाही. ते लोकांना आपलं आपणच कळलं.

आठ दिवसांत रंभानं बर्फाचा डबा घेऊन एकशे छप्पन्न मुलांना लस टोचली. पहिली मालू. तेरा घरांनी दार उघडलं नाही. शिमग्याला गोवर आलाच. नऊ मुलं आजारी पडली, सगळी त्या तेरा घरांतली. आठ जणांना आयांनी उजेडात ठेवलं, घोटघोट पाणी पाजलं, दवाखान्यात नेलं. नववा, गोमाजीचा मुलगा, उशिरा आणला आणि गेला. ते एक मरण रंभाला अजून छळतं. एखाद्या दुपारी बांधावर तिला तो सपसप आवाजही येतो. आता ती लगेच वळून पाहते.

९१ साली टेकाड उठलं नाही. खारीण गाव सोडून गेली, असं काही जण म्हणाले. रंभानं त्यांची चूक दुरुस्त केली. ती गेलेली नाही. दर वर्षी ऐंशी बाळं जन्मतात, आणि लस न दिलेल्या बाळागणिक ती पुन्हा थोडी थोडी साठत जाते.

म्हणून वाचकहो, कुणी आपत्तीचं भाकीत केलं आणि ते खरं ठरलं, तर लगेच हात जोडू नका. खऱ्या भाकितामागंही लबाडी असू शकते. कुणाला दोरा मिळाला, कुणाला नाही, त्यांच्यात फरक काय, ते लिहून काढा, मोजा आणि मोठ्यानं विचारा. आणि पोर तापलं असेल, तर हे सगळं नंतर. आधी त्याला पाणी द्या, आणि दवाखाना गाठा.