रकाना सातवा : घराण्यात कुणाला?

नाव : साइमी. वय : एकोणीस.

काय झालं : चर्चमधल्या प्रार्थनेनंतर कॉफीचे कप मांडताना कोसळली. पहिलीच फिट.

घराण्यात कुणाला असा आजार?

इस्पितळाच्या फॉर्मवर इथे आईचं, इंकेरीचं, पेन अडलं. मग तिने ठसठशीत लिहिलं : नाही.

साइमीची थोरली बहीण तुओवी भिंत धरून उभी होती. ती झोकांड्या खात चालते, म्हणून सहा वर्षं गाव तिला दारुडी म्हणतं. तसंच चालणाऱ्या आर्वोकाकालाही दारुडा म्हणूनच पुरलं. आणि या घरात कॉफीपेक्षा कडक काही आलेलंच नाही! वसंतात तुओवीच्या जनुकांची तपासणी झाली. पेशींना शक्ती पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा दुर्मीळ आजार निघाला. तो अहवाल आईने स्तोत्रांच्या पुस्तकात दडवला.

"नाही? मग मी कोण, आई?"

"हळू! चर्चमधली हिल्क्का तिकडेच बसलीय. हे बाहेर फुटलं, तर साइमीचा तो एल्मेरी परत फिरकेल का?"

"मला दारुडी म्हटलेलं चालतं तुला?"

"दारू सुटते गं. रक्तातलं कुठे सुटतं?"

डॉक्टर हाल्मे घाईने आले. "फिटचं औषध सुरू करतोय. घराण्यात काही नाही ना?"

"नाही," आई म्हणाली.

"आहे!"

तुओवीने पेन हिसकावलं. *नाही* खोडलं. अक्षर रकान्याबाहेर गेलं : मी.

"कसला आजार?"

तिने नाव सांगितलं. डॉक्टर ओरडले, "सिस्टर, थांबा! ते औषध नको, दुसरं आणा!" मग आईकडे वळले. "इंकेरीबाई, साइमीलाही हाच आजार असेल, तर त्या औषधाने तिचं यकृत गेलं असतं. तिचीही तपासणी करू."

"म्हणजे... माझ्यामुळे?"

"एक सदोष जनुक आईकडून, एक वडिलांकडून. दोघं ठणठणीत, दोघांना पत्ता नाही. यात गुन्हा कसला? लपवलंत, तो गुन्हा!"

आईने पिशवीतून स्तोत्रांचं पुस्तक काढलं. त्यातला घडी घातलेला कागद डॉक्टरांच्या हाती दिला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी आई सगळ्यांसमोर उभी राहिली.

"माझी तुओवी दारू पीत नाही. आर्वोभावजीही पीत नसतील. आपण विचारलंच नाही. हिल्क्का, खाली काय बघतेस? तुझा भाऊही तसाच चालतो. तपासून घे!"

तुओवी उठली. झोकांडी गेली, कॉफी बशीत सांडली. कुणी हसलं नाही.

मंडळी, जनुकं कुणी निवडून घेत नाही. लपवायचं की सांगायचं, एवढंच आपल्या हाती असतं. तो रकाना खरा भरा!