आठ फुटांचा बोळ

शहराच्या मोठ्या बाजाररस्त्यावरच्या पाट्या चाळीस वर्षं ज्यांनी रंगवल्या, त्या पेंटरकाकांची नजर आता पार गेली होती. रस्ता मात्र तोंडपाठ होता. म्हणूनच नगरपालिकेची नकाशे काढणारी मुलगी तीन दिवस त्यांच्याकडे येत होती. जुने नकाशे आगीत गेले होते, आणि रस्ता नव्याने बांधण्याआधी कुठे काय होतं ते तिला कागदावर हवं होतं.

काकांची कळी खुलली होती. कापडवाले सगळे सावलीच्या बाजूला, कारण उन्हाने रंग उडतात. घड्याळं दुरुस्त करणारे समोर, कारण त्यांना उजेड लागतो. रस्ता मध्येच वळतो, कारण तिथे ओढा होता आणि पहिली दुकानं त्याच्या काठानेच थाटली. प्रत्येक पाटीची लांबी त्यांना इंचासकट आठवत होती. पण मुलीने बेरीज केली, तर टोपीवाला आणि छत्रीवाला यांच्यामध्ये आठ फूट कमी पडले.

काका म्हणाले, तुझ्या मोजण्यात चूक असेल. तिने दोनदा टेप लावली होती. मग म्हणाले, वयोमानाने एखादं दुकान विसरलं असेल, आणि उगाचच चहाचा कप चाचपायला लागले.

काकू हात पुसत बाहेर आल्या. लग्नाआधी त्या छत्रीवाल्याकडे छत्र्यांचं कापड शिवायच्या.

"विसरतायत कसले! तिथे बोळ होता गं. मागाहून दोघा दुकानदारांनी तोंडाशी भिंत घातली न् वाटून घेतला."

"त्याचं काय लिहायचंय," काका पुटपुटले.

"का नाही? संध्याकाळी माझं काम सुटेपर्यंत हे तिथेच उभे असायचे. रंगवायला काही नाही, तरी हातात ब्रश. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, आणि हे आज लाजतायत."

काकांचे कान लाल झाले. मुलीने मान खाली घालून हसू लपवलं, मग एकदम गंभीर झाली. तो बोळ ओढ्याकडे उतरत होता का, असं तिने विचारलं. उतरत होता. म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच वाहून जायचं. छत्रीवाल्यासमोर दर वर्षी गुडघाभर तळं का साचतं, याचा उलगडा आत्ता कुठे झाला.

सहा महिन्यांनी भिंत पाडली. मुलीने स्वतः येऊन दोघांना नेलं आणि बोळाच्या तोंडाशी सोडून ती जरा लांब जाऊन उभी राहिली.

काकांनी बोळाच्या कडेच्या भिंतीवरून तळवा फिरवला. "रंग कोणता दिलाय?"

"पिवळा."

"कसा दिसतो?"

काकूंनी नीट बघितलं. "एकाच हातात उरकलाय. तुम्ही दुसरा दिला असता."

काका खूश झाले. म्हणाले, थोडा वेळ थांबू या. पाय दुखतात, असं काकू म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्या दंडाला धरून तिथेच टेकून उभ्या राहिल्या.