बेल्मिरोच्या हिरड्या

मिनास प्रांताच्या डोंगरांतल्या त्या गावात बेल्मिरोचे दोन उद्योग सगळ्यांना ठाऊक होते. दिवसभर तो शिलाईमशीन चालवायचा आणि मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत गावच्या बँडबरोबर बोंबार्दिनो वाजवायचा. बोंबार्दिनो म्हणजे तान्ह्या पोरासारखं मांडीवर घ्यायचं, जाड आवाजाचं पितळी वाद्य. सदतीस वर्षं तो ते वाजवत होता. बँडचे निळे कोटही त्यानेच शिवलेले.

दोन वर्षांपासून त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी तो बार्बातिमाँव झाडाच्या सालीचा काढा करून गुळण्या करायचा आणि मोरी स्वच्छ धुऊन टाकायचा. त्याच्या बापाचे दात पन्नाशीतच गेले होते, आजोबांचे त्याच्याही आधी. घराण्याचंच आहे, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली होती. बायको असती तर तिने हे आठवड्याभरात हुडकून काढलं असतं. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

हुडकलं ते मुलीने, लुझिनेचीने. ती बेलो ओरिझोंचे शहरात प्रयोगशाळेत काम करायची. बेल्मिरो लोकांना सांगायचा, "पोरगी जंतू पाळते, पगारही मिळतो." कॉर्पस क्रिस्टी या चर्चच्या सणाला ती गावी आली. मिरवणुकीत बँडच्या कडेने चालता चालता ती मध्येच थबकली. एका चालीत बोंबार्दिनोचा सूर वर चढतो, तिथे बाबांनी वाजवलंच नव्हतं. नुसते गाल फुगवले होते.

दोघं जेवायला बसली. तिने वाद्याचा तोंडाला लावायचा भाग तेवढा पेटीतून काढून उजेडात धरला. कडेला तांबूस डाग होता.

"कधीपासून?"

"गंज असेल."

"पितळेला असा गंज चढतो होय, बाबा?"

बेल्मिरोने पुढ्यातल्या घेवड्यात चमचा फिरवला. मग हळूहळू सगळं सांगितलं: रक्त, हलणारे दात, बाप आणि आजोबा. लुझिनेची ऐकत राहिली. ज्या जंतूवर ती सहा वर्षं काम करत होती, तो नेमका हिरड्यांतलाच होता.

तिने त्याच्याच भाषेत समजावलं. हिरडीच्या प्रत्येक पेशीच्या अंगावर एक कुलूप असतं. ते उघडणारी चावी त्या कुलपालाच जोडलेली असते, पण दुमडून आत शिवून टाकल्यासारखी. एरवी ती हलत नाही. हा जंतू आपल्याजवळची कात्री, म्हणजे एक एन्झाइम, बाहेर सोडतो. कात्रीने तेवढी शिवण उसवली की चावी आपोआप कुलपात जाऊन बसते आणि पेशी हाकाटी करते. मग रक्तातून शिपाई धावून येतात, जागा लाल होते, सुजते. दिवसेंदिवस ही धुमश्चक्री चालली की दाताखालचं हाड झिजतं.

"म्हणजे दात जंतू खात नाही?"

"मोडतोड बरीचशी आपलीच माणसं करतात. राखायला आलेली."

"शिवण उसवायची ती नेमक्या टाक्यावर," बेल्मिरो म्हणाला. "कारागीर आहे म्हणायचा." डॉक्टरकडे जायचं मात्र त्याने कबूल केलं नाही. दात उपटतील आणि वाजवणं संपेल, ही त्याची खरी भीती होती.

पुढच्या सोमवारी आपलं काम दाखवायला म्हणून तिने त्याला सोबत शहरात नेलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायच्या आधी ती त्याला आपल्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली आणि सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बशीत हिरडीच्या पेशी वाढवलेल्या होत्या. घाबरल्या की उजळतील असा रंग त्यांना पाजलेला. बेल्मिरोला आधी नुसता काळोख दिसला, त्यात पुसट ठिपके. लुझिनेचीने एन्झाइमचा एक थेंब सोडला. काही क्षणांत एक पेशी हिरवी झाली, मग तिच्या शेजारची, मग सगळी बशी उजळत गेली.

तो बराच वेळ डोळा लावून बसला. "बिचाऱ्या," म्हणाला, "किती घाबरल्या गं."

मग तिने दुसरी बशी ठेवली. त्यात कात्री बोथट करणारं औषध आधीच घातलं होतं. थेंब पडला, काळोख तसाच राहिला.

"मग हेच दे की मला."

"माणसांना द्यायला अजून कितीतरी वर्षं आहेत. आज करायचं ते साधंच. हिरडीखालची घाण खरवडून काढायची, चार-पाच खेपांत. कंटाळवाणं आहे."

"सहा वर्षं शिकून हे सांगतेस?"

"हो. आणि ऐकायचं आहे."

त्याने ऐकलं. ते त्या बशीमुळे की मुलीच्या आवाजामुळे, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन दाढा वाचणार नाहीत म्हणून स्पष्ट सांगितलं. पुढचे दात टिकले. जून, जुलै तो दर पंधरा दिवसांनी पहाटेची बस धरायचा. लुझिनेची थांब्यावर चीजच्या गरम पावांची पिशवी घेऊन उभी असायची आणि पाव परतीच्या वाटेवरच खायचे, असा दम द्यायची. दोन महिने बोंबार्दिनो पेटीत बंद राहिला. बँडमास्तरीण दोना झुलमिराने त्याला रिकामं बसू दिलं नाही, मोठा ढोल गळ्यात घातला. तो ठेका चुकवायचा आणि तिची बोलणी खायचा.

सप्टेंबरच्या जत्रेला त्याने पुन्हा बोंबार्दिनो मांडीवर घेतला. वरचे सूर पहिल्यासारखे लागेनात. झुलमिराने त्याचा भाग थोडा खाली उतरवून नव्याने लिहिला होता आणि कागद देताना एवढंच म्हणाली, "बेल्मिरो, हे तुमच्या तोंडाच्या मापाचं." त्याने वाजवलं. खालच्या सुरात ती चाल जरा जास्तच गोड वाटत होती, असं लुझिनेचीला वाटलं. पण ती मुलगीच, तिला वाटणारच.

वादन संपल्यावर चौकात कॉफी आली. बेल्मिरोने कात्रीची गोष्ट बँडमधल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवली होती, बरीचशी चुकीची. ट्रॉम्बोनवाला क्लोदोआल्दो कपबशी खाली ठेवून लुझिनेचीसमोर आला आणि त्याने आ वासला. त्याच्या मागे क्लॅरिनेटवाली, तिच्या मागे झांजवाला.

"अहो, मी दातांची डॉक्टर नाही," लुझिनेची म्हणाली.

"बघ गं जरा," बेल्मिरो म्हणाला. "तुझं काय जातंय?"

तिने मोबाइलचा दिवा लावला आणि पहिल्या तोंडात डोकावली.